जुना बँडसॉ घेताना : वाचकांचे प्रश्न

आमच्या भागातली लाकडाची वखार बंद होतेय. तिथला 18 इंची चाकांचा बिडाचा बँडसॉ (चाकांवरून फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याने लाकूड चिरायचे यंत्र) विकायला आहे, पण वरपासून खालपर्यंत गंजलाय. घ्यावा का? (डिचोली)

गंज पाहून परत फिरू नका. गोव्यातल्या चार पावसाळ्यांत बिडावर गंज चढणारच, आणि तो घासून निघतो. तडा मात्र निघत नाही, म्हणून आधी तडे शोधा.

वीज तोडून पाते उतरवा. चाक सुटे करून दोरीला टांगा आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोका. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर आरे जिथे मध्याला मिळतात ती जागा साफ करून रॉकेल लावा, पुसून कोरडी करा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर केसाएवढी काळी रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर यंत्र फुकटातही घेऊ नका. बिडाला वेल्डिंग होते हे खरे, पण वेगाने फिरणाऱ्या चाकावर त्याचा भरवसा ठेवू नये.

चाक पुन्हा बसवल्यावर चौकटीला पेन्सिल बांधा, टोक चाकाच्या कडेजवळ आणा आणि चाक हाताने फिरवा. फट कमी-जास्त होत असेल तर चाक डगमगते आहे. मग ते धरून पुढे-मागे हलवा. खुळखुळले तर बहुधा बेअरिंग गेले. तेवढ्यासाठी सौदा मोडू नका, बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो आणि त्या नंबराचे नवे मिळते. शाफ्टच झिजला असेल तर मात्र लेथचे काम निघते, तो खर्च किमतीतून कापून घ्या.

टेबल घासून चकचकीत केले, पण आठवडाभरात पुन्हा तांबूस झाले. (पेडणे)

समुद्राचे खारे वारे आहेत, उघडे बीड तिथे टिकत नाही. रॉकेल आणि एमरी पेपरने घासल्यावर टेबल अगदी कोरडे करा आणि त्याच दिवशी मेण चोळा. तेल नको, त्याचे डाग लाकडात उतरतात आणि पुढे पॉलिश धरत नाही. झाकायला सुती कापड घ्या. प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडते आणि आपणच गंजाला घर करून देतो. गंजाने पडलेले बारीक खड्डे राहू द्या, कापणीला त्यांचा त्रास नाही.

मोटर थ्री-फेज, घरी सिंगल-फेज. बदलावीच लागेल? (फोंडा)

नेमप्लेट वाचा. 415 व्होल्ट, स्टार (वाइंडिंग जोडायची एक पद्धत) असे असेल आणि टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोके असतील, तर ती डेल्टात (कमी व्होल्टवर चालणाऱ्या जोडणीत) जोडून सिंगल-फेजवर चालणाऱ्या व्हीएफडीने (सिंगल-फेजपासून थ्री-फेज तयार करणाऱ्या उपकरणाने) चालवता येते. नुसत्या सिंगल-फेजवरून साधा व्हीएफडी 415 व्होल्ट देत नाही, म्हणून डेल्टा. काम वायरमनकडूनच करून घ्या. वाइंडिंगमध्ये ओल मुरली असेल, तेव्हा सुरू करण्याआधी मेगर (वाइंडिंगचे इन्सुलेशन तपासायचे मीटर) लावायला सांगा.

नवे पाते चढवले की दोन दिवसांत तुटते. फणसाच्या फळ्या चिरतो. (सत्तरी)

लाकडाला दोष देऊ नका. पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढी असावी. 18 इंची चाक म्हणजे सुमारे 450 मिलिमीटर, त्याला अर्धा मिलिमीटर पुरे. त्याहून जाड पाते प्रत्येक फेऱ्यात जास्त ताणाने वाकते आणि शेवटी दात्यांच्या बुडाशी चिरते. चाकावरचे रबरही तपासा. नख रुतत नसेल तर ते कडक झाले आहे, बदला. मग गाईड (पात्याला आधार देणारे भाग) बसवा, पाते आणि गाईड यांच्यात कागदाएवढी फट ठेवा. जाड फळी चिरताना इंचाला 3 ते 4 दाते पुरतात. बारीक दात्यांत भुसा अडकून पाते तापते.

खालच्या चाकाचे झाकण हरवले आहे. तसेच चालवू का? (काणकोण)

नाही. पाते तुटले की उसळून बाहेर येते. पत्रेवाल्याकडून झाकण करून घ्या, चांगले बोल्टने बसवा, आणि तोवर यंत्राचा प्लग काढून ठेवा.