लांब दृश्यात कंटाळा आला तर

लांबलचक दृश्यांचे संथ सिनेमे बघताना कंटाळा आला म्हणून खट्टू होऊ नकोस, सुरुवातीला सगळ्यांनाच येतो. १९६० साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात इटालियन दिग्दर्शक आन्तोनिओनींच्या 'लाव्हेन्तुरा' या सिनेमाची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. त्याच महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिकही मिळालं.

सध्या एवढंच कर:

१. फोन बंद. जमेल तेव्हा थिएटरमध्येच बघ.

२. 'याचा अर्थ काय' हे लगेच विचारू नकोस. काय दिसतंय, काय ऐकू येतंय, तेवढंच बघ. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कींच्या 'नॉस्टाल्जिया'त (१९८३) एक माणूस पेटती मेणबत्ती सांभाळत रिकाम्या हौदातून पलीकडे जातो. ती विझते, तो परत फिरतो, पुन्हा पेटवतो. सुमारे नऊ मिनिटं, एकाच सलग शॉटमध्ये! पहिल्यांदा मी प्रतीकं शोधत बसलो आणि दमलो. दुसऱ्यांदा नुसती ज्योत बघितली, तर आपण श्वास रोखून धरलाय हे मध्येच लक्षात आलं.

३. शेजारचे हसले तर चिडू नकोस. अवघडल्यावरही माणूस हसतो.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे लवकर उठणं. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट' या मराठी सिनेमात शेवटाकडे कोर्ट रिकामं होतं, दिवे मालवतात, पडदा काळा होतो. आमच्या खेळाला काहीजण तिथेच उठले. पुढचं न्यायाधीशांच्या सहलीचं दृश्य त्यांचं हुकलं, आणि माझ्या मते सिनेमाचा खरा घाव तिथेच बसतो.

बाहेर पडल्या पडल्या परीक्षणंही वाचू नकोस, एक रात्र जाऊ दे. बेला तार या हंगेरियन दिग्दर्शकाचे सिनेमे वगैरे नंतर. आधी 'कोर्ट' बघ आणि काय वाटलं ते मला सांग.