गाळातले तोतये

प्रश्न : बंदराच्या पाण्याची तपासणी निर्दोष ठरली तरी तळाच्या गाळातील रसायनांमुळे जलचरांची संप्रेरक व्यवस्था बिघडते, असे वाचनात आले. पाण्यात जे सापडत नाही ते गाळात कसे टिकते, इतक्या अल्प मात्रेत ते पेशींवर परिणाम कसे करते आणि बंदी घातल्यावर तरी हा प्रश्न सुटतो का?

उत्तर : पाण्याचा नमुना त्या घटकेपुरते सांगतो, गाळात मात्र वर्षानुवर्षांचे साचलेले असते. आपण म्हणता त्या रसायनांपैकी बहुतेक पाण्यात सहज विरघळत नाहीत. ती मातीच्या बारीक कणांना, विशेषतः त्यांतील सेंद्रिय द्रव्याला चिकटतात आणि कणांबरोबर तळाशी बसतात. तेथे प्राणवायू नसल्याने त्यांचे विघटन करणाऱ्या जिवाणूंचे कामही मंदावते. जहाजांच्या तळाला बार्नेकल हे कवचधारी जीव चिकटू नयेत म्हणून पूर्वी रंगात मिसळले जाणारे ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे संयुग पाण्यात काही दिवसांत किंवा आठवड्यांत निम्मे होते. प्राणवायूविरहित गाळात त्यालाच अनेक वर्षे, प्रसंगी दशके लागतात.

संप्रेरक म्हणजे रक्तातून आलेला निरोप आणि तो ओळखणारे पेशीतील प्रथिन म्हणजे ग्राही. ही जोडी समजावताना कुलूप-किल्लीची उपमा देण्याची प्रथा आहे, पण ती येथे थोडी दिशाभूल करते, कारण हे कुलूप बरेच भोळे असते. आतील पोकळीत नेमका आकार बसला नाही तरी रेणू तेथे घट्ट धरून राहिला, तर ग्राही स्वतःची घडी बदलतो आणि निरोप आला असे समजून जनुके चालू करतो. ट्रायब्युटिलटिन नेमके हेच करते. ‘आरएक्सआर’ नावाच्या ग्राहीत ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेले लांबोळके आम्ल बसते. ट्रायब्युटिलटिनचा रेणू त्याहून कितीतरी लहान असल्याने पोकळीचा थोडाच भाग भरतो, परंतु त्यातील कथिलाचा अणू ग्राहीतील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाशी बंध जुळवतो आणि ती उणीव भरून निघते. संप्रेरके मुळातच अत्यल्प मात्रेत काम करत असल्याने त्यांच्या तोतयालाही फारसे प्रमाण लागत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण समुद्री गोगलगाईंचे आहे. १९७०मध्ये इंग्लंडमधील प्लिमथजवळ मादी गोगलगाईंना नराचे जननेंद्रिय उगवल्याची नोंद झाली. पुढे असे दिसले की एका लिटर पाण्यात सुमारे एक नॅनोग्रॅम ट्रायब्युटिलटिन असले तरी ही विकृती सुरू होते, आणि ती वाढली की अंडी बाहेर पडण्याचा मार्गच बंद होऊन मादी मरते. पुरुषी संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) अडते म्हणून असे होते, हा समज बराच काळ रूढ होता. २००४मध्ये जपानी संशोधकांनी आरएक्सआरचे ते आम्ल माद्यांना टोचून हीच विकृती घडवून दाखवली आणि संशय विकरावरून ग्राहीकडे वळला. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत हेच संयुग चरबीच्या पेशी घडवणाऱ्या ग्राहीलाही जागे करते, हे उंदरांवरील प्रयोगांतून दिसले आहे.

प्रत्येक प्रदूषक असाच तोतया असतो असे नाही. डीडीटीपासून बनणारे डीडीई पुरुषी संप्रेरकाच्या ग्राहीत नुसते ठाण मांडून खऱ्या निरोपाची वाट अडवते. काही डिटर्जंटांतील घटक तर सांडपाणी शुद्धीकरणात अर्धवट तुटून नोनिलफेनॉल बनतात, जे मूळ पदार्थापेक्षा गाळाला अधिक चिकटते आणि स्त्री-संप्रेरकाची नक्कलही अधिक करते. हा शुद्धीकरणाचा विचित्र उलटा हिशेब आहे.

आता बंदीबद्दल. फ्रान्सने १९८२मध्ये २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर ट्रायब्युटिलटिनचा रंग लावण्यास मनाई केली, तर जगभरच्या जहाजांसाठीचा करार २००१मध्ये होऊन २००८मध्ये अमलात आला. अनेक किनाऱ्यांवर गोगलगाई परतल्या. जुना गाळ मात्र बंदीने नाहीसा होत नाही. जहाजांचे पंखे आणि उपसायंत्रे तो ढवळतात तेव्हा चिकटलेली रसायने पुन्हा पाण्यात येतात. म्हणून काही ठिकाणी गाळ न उपसता त्यावर स्वच्छ वाळूचा थर पसरतात, परंतु जेथे जहाजांसाठी खोली राखावीच लागते तेथे ही सोय नसते आणि उपसलेला गाळ कोठे टाकायचा, हे त्याच्या स्वतंत्र तपासणीवरच ठरवावे लागते.