मुलगी एकच पुस्तक परत परत वाचते, पुढे जातच नाही

ही काळजी घेऊन बरेच आईबाबा येतात. त्यातली मालवणची एक गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. तिसरीतली मुलगी, ठाण्याहून आईसोबत आजीकडे कायमची राहायला आलेली. हातात सतत एकच पुस्तक, छोट्या छोट्या प्रकरणांचं, बगळा आणि कुर्लीच्या दोस्तीचं. आजी वैतागून म्हणायची, "ह्याच पुस्तक कितीदा वाचतलस गो?" आईला वेगळीच भीती, मॅडम, वाचनात मागे पडतेय का, मोठी पुस्तकं आणू का?

मी म्हटलं नवीन काही आणू नका, आधी बघा ती थांबते कुठे. तर ती दरवेळी सातव्या प्रकरणाशी थांबून परत पहिल्यावर जायची, आणि सातव्यात काय, तर बगळ्याची एका म्हशीशी गट्टी जमते. म्हणजे वाचता येत होतं हो तिला, पुढचं वाचायचं नव्हतं.

प्रश्न विचारत बसले असते तर गप्प झाली असती, म्हणून मी तिला एक खरी गोष्ट सांगितली. २००४ च्या त्सुनामीनंतर केनियात ओवेन नावाचं पाणघोड्याचं पिल्लू एकटं पडलं, त्याला मोंबासाच्या हॅलर पार्कमध्ये आणलं तर ते तिथल्या म्झी नावाच्या कासवालाच चिकटलं, आणि म्झीचं वय सुमारे १३० वर्षं! दोघं एकत्र खायचे, झोपायचे. पुढे ओवेनला क्लिओ नावाच्या पाणघोडीसोबत ठेवलं. हे ऐकल्यावर तिने पटकन विचारलं, "मग म्झीला राग आला?" आणि मग स्वतःहूनच ठाण्याच्या मैत्रिणीबद्दल बोलायला लागली, इथे दुसरी कोणी केली तर तिला काय वाटेल म्हणून ही वर्गात कुणाशी बोलतच नव्हती.

आईला मी दोनच कामं दिली, रविवारी ठाण्याच्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल, आणि रात्री एक पान आईने एक पान मुलीने असं मोठ्याने वाचायचं, मध्ये परीक्षा घ्यायची नाही, 'यातून काय शिकलीस' तर अजिबातच नाही. याला वेळ लागतो, लागू द्या, मला तरी धाक दाखवून पुस्तक संपवून घेणं मुळीच पटत नाही.

सातवं प्रकरण कॉलवर मैत्रिणीलाच वाचून दाखवलं तिने. नंतर पुस्तकही संपलं. शेवट आवडला नाही म्हणे, म्हशीला फारच कमी बोलायला दिलंय, आणि ही तक्रार ती आता शेजारच्या बाकावरच्या मुलीला सांगते.