लोकांसमोर बोलले तर संशोधक म्हणून किंमत कमी होईल का?

संशोधन करणाऱ्या मुली ही भीती माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत मांडतात. इंदूरच्या रामबागेतली एक मुलगी (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलून) सोयाबीनच्या प्रथिनांवर पीएचडी करते. महिला मंडळात त्यावर बोलून आली आणि दुसऱ्या दिवशी विभागातले एक सर सगळ्यांदेखत म्हणाले, "भाषणंच द्यायची तर पेपर कोण लिहिणार?" तेव्हापासून तिची झोप उडाली होती. "मॅडम, हे सगळं बंदच करते."

वर्षभरात संशोधनाबाहेर वेळ कुठे गेला, ते मी तिला लिहून काढायला सांगितलं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाचं सूत्रसंचालन, पाहुण्यांचं स्वागत, हारतुरे, ८ मार्चचे फोटो. पानभर यादी झाली, आणि त्यात स्वतःच्या कामावर ती बोलली होती फक्त त्या मंडळात. बाकीचं तिच्या गळ्यात पडलं ते 'मुली छान बोलतात' म्हणून. मला याची चीड येते. तिच्याबरोबरच्या मुलांना कुणी हार आणायला पाठवत नाही.

मी जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचा विषय काढला. जन्म इंदूरचाच. बाई म्हणून नोबेलविजेते सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, तरी त्या हटल्या नाहीत. १९३३ मध्ये, आधी वर्षभर काम पाहू या अटीवर, प्रवेश मिळवलाच. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. पुढे कडधान्यांतल्या ट्रिप्सिन-रोधकांवर (प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणाऱ्या घटकांवर) काम केलं, आणि ग्राहक चळवळीत राहून अन्नभेसळीबद्दल सामान्य घरांसाठी लिहिलंही. या मुलीला त्यांचं संशोधन माहीत होतं, सामान्य घरांसाठीचं हे लेखन माहीत नव्हतं. बराच वेळ ती त्याबद्दलच विचारत राहिली.

मग ठरलं ते असं: सूत्रसंचालनाला सरळ नाही म्हणायचं. स्वतःच्या विषयावर बोलायचं असेल तर गाइडना आधी कळवायचं, प्रसिद्ध न झालेले निष्कर्ष बाहेर काढायचे नाहीत आणि वार्षिक प्रगती अहवालात त्या व्याख्यानाची नोंद करायची.

त्यानंतर ती पुन्हा मंडळात गेली. कच्चं सोयाबीन पचायला जड का, उष्णतेनं त्यातला रोधक कसा निकामी होतो, हे सांगितलं. एका काकूंनी विचारलं, "मग कणकेत घालायचं पीठ आधी भाजलेल्या दाण्यांचं हवं ना? आणि किती भाजायचं?" "भाजूनच घ्या. किती, ते नीट बघून सांगते," असं ती म्हणाली, आणि तसं म्हणताना लाज वाटली नाही, हे तिनं मला आवर्जून सांगितलं.

त्या सरांशी बोलणं मात्र अजून बाकी आहे. पुढच्या भेटीत त्याचीच तयारी करणार आहोत.