वडिलांची टाटामोबाइल पुन्हा उभी करताय? इंजिन नंतर, कागद आधी

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. वडिलांची 1994 ची टाटामोबाइल (टाटाची जुनी डिझेल पिकअप) गोठ्यामागे कित्येक वर्षं उभी, ते आता नाहीत, आणि इंजिन आधी उघडू की पत्र्याचं काम आधी करू, असा तुमचा प्रश्न. आमचीही तीच गाडी. कॉलेजात असताना पहाटे तिच्या हौद्यात टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात टाकायचे आणि तशीच ती घेऊन लेक्चरला जायचं. म्हणून कळकळीने सांगतो: दोन्ही थांबवा. आधी आरसी पुस्तक, टॅक्सच्या पावत्या आणि चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर) बघा.

आमचं घोडं अडलं ते इथेच. ही मालवाहू नोंदणीची गाडी, टॅक्स तेव्हा दर वर्षी भरायचा. गाडी वापरात नसेल तर तसं आगाऊ लेखी कळवावं लागायचं आणि आमच्या वडिलांनी, अण्णांनी, ते न चुकता कळवलं होतं. परिवहन कार्यालयात (आरटीओत) मात्र उत्तर एकच, "रेकॉर्डला दिसत नाही." जुन्या रजिस्टरमधल्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवताना आमची गाडी राहूनच गेली होती. टॅक्सची खिडकी फिटनेसकडे (गाडी तपासून दाखला देणाऱ्या विभागाकडे) पाठवायची, फिटनेसवाले रेकॉर्ड रूमकडे आणि रेकॉर्ड रूमचा माणूस रजेवर. अख्खा पावसाळा त्यात गेला. शेवटी आजीच्या ट्रंकेत अण्णांच्या अर्जांच्या प्रती सापडल्या. ज्यांवर आवक शिक्का होता त्या वर्षांचा टॅक्स सुटला. एका प्रतीवरचा शिक्का पुसट होता, त्या वर्षाचा टॅक्स व्याजासकट भरला. नोंद त्यांनी हरवायची आणि पुरावा आम्ही आणायचा, याचा संताप आजही जात नाही. तेव्हा तुमच्या घरातली प्रत्येक ट्रंक, प्रत्येक पिशवी उपसा. यापुढे कुठलाही अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वारस म्हणून गाडी नावावर करायला फॉर्म 31 लागतो, तेही आत्ताच सुरू करा. (मी वकील नाही, एजंटही नाही. दर आणि नियम बदलत असतात, तुमच्या कार्यालयात खात्री करा.)

चासी नंबरवर ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग अजिबात फिरू देऊ नका. रॉकेल आणि मऊ ब्रशने गंज सोडवा, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. एकेक आकडा नीट उमटलेले असे दोन-तीन ठसे काढून जपून ठेवा.

बॅटरी, टायर, ऑइल वगैरे तुम्हाला माहीतच असेल. फक्त स्टार्टर मारू नका. हीटर प्लग (थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून आतून तापवणारे प्लग) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) नटाला पाना लावून हाताने हळूहळू फिरवा. इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप आणि ते आत फवारणारे नोझल, हे दोन्ही असे पंप दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे बेंचवर तपासून घ्या. टाकी उतरवून आतला गाळ काढा, नाहीतर नवा फिल्टर आठवड्यात चोंदेल.

दुसरं इंजिन टाका म्हणणारे पुष्कळ भेटतील. माझ्या मते जुनंच दुरुस्त करा. टाटाच्या जुन्या सिएरा आणि इस्टेट या गाड्याही याच घराण्यातल्या, त्यामुळे इंजिनाचं बरंच सामान शोधलं की मिळतं. बदलायचंच ठरलं तर परिवहन कार्यालयाची मंजुरी आधी. विंटेज नोंदणीचा (फार जुन्या गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीचा) विचार सोडा, त्याला गाडी 50 वर्षांची लागते.

पत्र्याबद्दल माझं मत कडक आहे. कुजलेला पत्रा कापून नवा जोडणाराच माणूस धरा. हौद्याच्या तळाला पुट्टी भरली तर पहिल्या पावसात फुगते. काचेचं रबर मिळालं की लगेच घेऊन ठेवा, आम्हाला सगळ्यात जास्त त्यानेच फिरवलं.

आरसी पुस्तकावर टॅक्सची शेवटची नोंद कुठल्या वर्षाची आहे ते लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल. गाडीचा नंबर मात्र इथे टाकू नका.