अंगणात कोंबड्या आणि भोवती आठ लाख माणसं

"ताई, एवढ्या गर्दीच्या काउंटीत होमस्टेडिंग जमणारच नाही ना?" खुर्चीत बसता बसताच त्यांनी विचारलं. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "जमणार नाही, एवढंच त्याला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

न्यू जर्सीत समुपदेशन करताना २०२० पासून हा प्रश्न माझ्याकडे बरेचदा येतो. होमस्टेडिंग म्हणजे घरापुरती भाजी, अंडी, जमलं तर स्वतःचं पाणी. हे जोडपं एडिसनचं, म्हणजे मिडलसेक्स काउंटीतलं; काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत). तो आयटीतला, मूळचा साताऱ्याकडचा. ती औषध कंपनीत, मुलगी आठवीत, आणि सासूबाई वर्षातले सहा महिने इकडे. त्याला हंटरडन काउंटीत जागा घ्यायची होती, तिला नव्हती. रविवारी घरं बघायला तो एकटाच जायचा आणि परत आला की घरात अबोला.

तो आकडे घेऊनच आला होता. २०२० च्या जनगणनेत मिडलसेक्स काउंटीत ८ लाख ६३ हजार माणसं, हंटरडनमध्ये जेमतेम १ लाख २९ हजार. त्याच्या लेखी निकाल लागलेला. मी विचारलं, सातारा जिल्ह्यात किती दाटी आहे? २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २८७ माणसं. हंटरडनमध्ये ११६ च्या आसपास. "मग साताऱ्यात शेती होत नाही म्हणायची का?" तो पहिल्यांदा हसला.

काउंटीचा आकडा ही सरासरी. मिडलसेक्सच्याच दक्षिणेला, क्रॅनबरीच्या बाजूला, आजही शेतं आहेत. शिवाय कोंबड्या पाळता येतील का, किती, खुराडं कुंपणापासून किती लांब हवं, कोंबडा चालेल का, हे इथे काउंटी ठरवतच नाही. ते टाउनशिप, म्हणजे गावपातळीची पालिका, ठरवते. रस्ता ओलांडून पलीकडच्या टाउनशिपमध्ये गेलात की नियम वेगळे, आणि वसाहतीची असोसिएशन असेल तर तिचे आणखी वेगळे. मी त्याला दोन्हीकडच्या झोनिंग ऑफिसांना (कुठल्या जागेत काय करता येईल ते बघणाऱ्या) स्वतः फोन करायला सांगितलं. समुपदेशकाने जमिनीच्या भानगडीत पडू नये, मान्य. पण न केलेला एक फोन घरात वर्षभर भांडण होऊन राहतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

पुढच्या भेटीत तो जरा उतरलेला दिसला. मोठी जागा घेतली की शेतजमीन म्हणून कर कमी बसेल, असा त्याचा हिशोब होता. सवलतीला घराखालची जागा सोडून किमान ५ एकर लागतात, वर्षाला किमान १,००० डॉलरची विक्री दाखवावी लागते, तीही आधीची सलग २ वर्षं शेती चालू असेल तर. त्याने हेरलेलं घर होतं ३ एकरांचं.

मग मी जमीन बाजूला ठेवली आणि विचारलं, हे डोक्यात कधी आलं? मार्च २०२०, तो म्हणाला, दुकानात आटा नाही, तूरडाळ नाही. थोडं थांबून म्हणाला, "खरं तर त्याच्याही आधी." २०१२ चं सँडी वादळ. वीज गेलेली, घरात तान्ही मुलगी, आणि पेट्रोलला सम-विषम लागलेलं. त्याच्या गाडीची पाटी सम, तारीख विषम. रांगेतून परत पाठवलं होतं त्याला.

"हे तू मला कधी बोलला नाहीस," ती म्हणाली.

मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. तो सम-विषम नियम १२ काउंट्यांना होता, त्यात हंटरडनही होती. आणि घराला स्वतःची विहीर असली तरी तिचा पंप विजेवर चालतो. वीज गेली आणि जनरेटर नसला की पाणीही गेलं. एवढं ऐकून त्याची भीती गेली असं नाही. पण काउंटी बदलणं हा त्या भीतीवरचा इलाज नाही, हे त्याला दिसलं.

तिचं म्हणणं अगदी व्यवहारी होतं. सासूबाई गाडी चालवत नाहीत. इथे त्या मंदिरात, भाजीला चालत जातात. तिकडे खिडकीत बसून राहतील. "आणि हा कामासाठी आठवडाभर टेक्सासला गेला की बर्फात खुराड्याचं दार कोण उघडणार?" तो काहीच बोलला नाही. माझ्या मते जागा बघण्याआधी विचारायचा प्रश्न हाच.

ठरलं असं की एक हंगाम टाउनच्या सामायिक बागेत वाफा भाड्याने घ्यायचा. रटगर्स विद्यापीठाच्या कृषी विस्तार केंद्राकडून माती तपासून घ्यायची. कोण किती वेळ राबलं ते वहीत लिहायचं, तेही तिने. थंडी ओसरल्यावर मेच्या मध्याला मेथी, भेंडी, गवार लावली. गवार ग्राउंडहॉगने, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीच्या जातीच्या प्राण्याने, फस्त केली. जूनभर तो रोज संध्याकाळी गेला. जुलैत ऑफिसचं काम अंगावर आलं आणि वहीत सासूबाईंचं नाव दिसू लागलं. त्यांना ते आवडलं होतं, शेजारच्या वाफ्यातल्या कोरियन आजींशी खुणांनी बोलत भेंडीच्या बदल्यात मिरच्या घेऊन यायच्या. वहीतल्या वीस आठवड्यांत त्याचे आठवडे निघाले अकरा. तिला वाटलेले त्याहून जास्त, त्याला वाटलेले त्याहून कमी.

ऑक्टोबरच्या शेवटच्या भेटीला त्यांनी भेंडी आणली. एरवी मी भेटवस्तू घेत नाही, पण भेंडी घेतली. हंटरडनची फाईल तूर्त बंद होती. तो कोंबड्यांचं काहीतरी बोलायला लागला, तर तिने त्याला मध्येच थांबवलं.

"चार. कोंबडा नाही. आणि आधी झोनिंगवाल्यांचं लेखी उत्तर."