पेरू का थांबू
बाळा,

काल तुझे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा एकच प्रश्न, काका सोयाबीन पेरू का पावसासाठी थांबू. फोनवर नीट बोलणं झालं नाही म्हणून लिहितोय.

माहिती कमी पडतेय असं नाही रे. दुकानदाराला विचारलंस, व्हॉट्सॲपवर चार हवामानवाले बघितलेस, भावकीत विचारलंस, सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलं. अजून दहा जणांना विचार, हेच होणार, कारण तुझ्या रानात ओल किती ते त्यातल्या कुणालाच माहीत नाही.

म्हणून आकडा आधीच ठरव. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका असं कृषी विद्यापीठवाले दरवर्षी सांगतात. बांधावर उघड्यावर सरळ काठाचा डबा ठेव, रोज सकाळी पट्टीने मोजून वहीत लिही आणि डबा रिकामा कर. बेरीज 100 झाली, वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन माती पेरण्याजोगी ओलसर झाली, की त्याच दिवशी ट्रॅक्टर सांगायचा, आणि 80 वर असताना शेजाऱ्याची पेरणी बघून जीव खालीवर झाला तरी 100 म्हणजे 100. बियाणं मात्र आजच तपास, 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव, 70 च्या वर उगवले तर चांगलं, म्हणजे ऐन दिवशी तो घोळ नको.

आणि शेवटची तारीख 15 जुलै. तोवर पाऊस नाही आला तर सोयाबीनचा विषय बंद, सरळ तूर नाहीतर बाजरी.

मी 2014 ला अशी तारीख ठरवली नव्हती. जून कोरडा गेला, जुलैत रोज उद्या बघू उद्या बघू करत महिना संपत आल्यावर सोयाबीन पेरलं, शेंगा भरायच्या वेळी जमिनीत ओलच नाही, चार एकरात मळणीचे पैसेसुद्धा जेमतेम निघाले. त्या वर्षी घरात दिवाळी कशी झाली ते तुझ्या काकूला विचार.

विहिरीच्या कर्जाचं मात्र घाईत ठरवू नकोस, तिथे चार महिने लागले तरी चालतील, कारण पाणी लागलं नाही तरी हप्ता सुटत नाही. उलट सोयाबीनमध्ये तुरीचं तास, म्हणजे तुरीची ओळ, चार ओळींनंतर का सहा यावर तू दोन दिवस घालवलेस, ते कसंही ठेवलं असतं तरी चाललं असतं.

वहीत आकडा आणि तारीख लिहून वडिलांना दाखव, त्यांचा होकार आत्ताच घे, म्हणजे रोज संध्याकाळी नव्याने वाद नको. रविवारी येतोय मी, डबा बांधावर दिसला पाहिजे.

तुझा काका